दाखला आधी की दार आधी?

होटगी हे नाव सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला माहीत असते ते जंक्शन म्हणून. सोलापूरहून निघालेली गाडी होटगीला आली की रूळ फुटतात. एक वाट वाडीकडे जाते, दुसरी विजयपूरवरून गदगकडे. गाव तसे लहान. निम्मे बोलणे मराठीत, निम्मे कानडीत. आमचे घर स्टेशनच्या अंगाला. तेव्हा शिट्टी ऐकून वेळ सांगणारी जी पिढी होती, तिच्या मांडीवर आम्ही वाढलो.

आमचे आजोबा मालधक्क्यावर हमाली करीत. त्या काळी गदगकडचा रूळ लहान होता, मीटर गेजचा. रुंदी एक मीटर. मुंबई-मद्रासकडचा रूळ मोठा, रुंदी पावणेदोन मीटरला थोडी कमी. मोठ्या रुळावरचा डबा लहान रुळावर जाऊ शकत नसे. म्हणून एका डब्यातले पोते पाठीवर घ्यायचे आणि दुसऱ्या डब्यात टाकायचे. या डब्यातून मोजून उतरवायचे, त्या डब्यात मोजून चढवायचे. आजोबा सांगत, "उचलण्याचा त्रास नव्हता रे. खरा त्रास फुटलेल्या पोत्याचा. ते पोतं ह्या डब्यानं द्यायचं का त्या डब्यानं घ्यायचं, ह्यावर दोन्हीकडचे बाबू भांडायचे आणि शेवटी मजुरी हमालाची कापायचे."

पुढे रूळ रुंद झाले. आज गाडी न बदलता विजयपूरला जाता येते. पण आजोबांचे ते फुटके पोते आम्हाला २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा आठवले. आठवले ते रेल्वेमुळे नव्हे, कॉलेजमुळे. त्याची ही हकीकत. यात आमची फुशारकी काही नाही. चूक आहे, आणि ती आमचीच आहे. आपल्या समाजातल्या दहा घरांना तरी ती टाळता यावी म्हणून लिहितो.

आमची थोरली बहीण होटगीतच दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती शाळेत खिचडी शिजवते. दाजी सिमेंटच्या कामावर ठेकेदाराकडे मजूर. त्यांची मुलगी, आमची भाची, २०२४ साली बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि हट्टाने पुण्याला गेली. बी. कॉम.ला प्रवेश घेतला. सहा जणींच्या खोलीत एक कॉट घेतली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायचे काम. पहिले वर्ष तिने असे काढले. घरातली पहिली मुलगी, जी गाव सोडून शिकायला गेली. आक्का शेजारणीला सांगताना आवाज मुद्दाम थोडा वाढवून सांगत असे.

२०२५ च्या मे महिन्यात दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणे बोबडे झाले. दवाखान्यातून घरी आणले त्या रात्री ओसरीवर सगळे बसले होते. आक्का म्हणाली, "पोरीला हिकडं आण बाबा. तिचा खर्च आता कुठनं पाठवू? आणि हिथं ह्यांच्याजवळ दिवसभर बसायला कोण हाय?"

सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. पाहणारच. खानदानात आम्ही एकटे बी. कॉम., त्यातून ऑफिसात क्लार्क. शिवाय दर रविवारी विहारात आम्ही टेबल मांडून बसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, रेशनकार्डातले नाव, जे लागेल ते भरून देतो. दोन तपे होत आली या कामाला. आम्ही म्हणालो, "त्यात काय एवढं? बी. कॉम. पुण्यातही तेच आणि सोलापुरातही तेच. दोन्ही विद्यापीठं सरकारचीच. दाखला काढायचा, इकडे टाकायचा. आम्ही बघतो."

भाची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही होकार असा घेतला.

आम्ही इतक्या तडफेने उठलो त्याला आमचे एक जुने दुखणे कारण होते. आमची बी. कॉम.ची पदवी २००३ सालची, शिवाजी विद्यापीठाची. तेव्हा सोलापूरची कॉलेजे कोल्हापूरला जोडलेली होती. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २००४ रोजी, सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ झाले. तेही एका जिल्ह्यापुरते. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे, ते २०१९ साली मिळाले. आम्हाला एम. कॉम. करायचे होते. २००५ साली प्रवेशाच्या खिडकीवर गेलो तर उत्तर मिळाले, "तुमची पदवी दुसऱ्या विद्यापीठाची. मायग्रेशन आणा." आम्ही चक्रावलो. आमचे कॉलेज सोलापुरात, घर होटगीत, आम्ही गावाबाहेर पाऊल टाकले नाही, आणि आमचे स्थलांतर झाले म्हणे! कोल्हापूर म्हणजे येऊन-जाऊन साडेचारशे किलोमीटर. एक दिवसाची रजा, भाडे, फी. पुढच्या महिन्यात जाऊ, असे करीत ते राहून गेले. एम. कॉम. तिथेच थांबले. वीस वर्षे ते मनात सलते आहे. म्हणून भाचीच्या बाबतीत आम्ही ठरवले, पुढच्या महिन्यावर काही ढकलायचे नाही. ढकलले नाही, पण पाय मात्र उलटा टाकला.

जूनमध्ये पहाटेच्या गाडीने दोघे पुण्याला गेलो. कॉलेजच्या कार्यालयात एक बाई बसल्या होत्या. वयाने आमच्याएवढ्या. अर्ज वाचून त्यांनी विचारले, "तिकडे सेकंड इयरला प्रवेश नक्की झालाय का? लेखी काही दिलंय का त्यांनी? नसेल तर दाखला आत्ताच नेऊ नका."

इथे आमच्यातला क्लार्क दुखावला. आम्ही म्हणालो, "मॅडम, आम्हीही याच खुर्चीवर बसतो. आम्हाला नियम माहीत आहेत."

त्या क्षणभर थांबल्या. मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "तुला न्यायचा आहे ना दाखला?" भाचीने आमच्याकडे पाहिले आणि मान हलवली. सही झाली, शिक्का पडला. महाविद्यालय सोडल्याचा दाखला आमच्या पिशवीत आला. परतीच्या गाडीत आम्ही खुशीत होतो. भाची खिडकीबाहेर पाहत होती. दौंड गेले, कुर्डुवाडी गेली, ती पाहतच होती.

सोलापुरातल्या पहिल्या कॉलेजात गेलो. त्यांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारले, "हा झाला कॉलेजचा. विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र कुठे? पास झालेल्या विषयांचा अभ्यासक्रम, शिक्का मारलेला? इथले विषय आणि तिथले विषय जुळतात का, ते पाहिलंत का? आणि आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या जागाच भरल्यात." दुसऱ्या कॉलेजात जागा होती, पण तिने घेतलेला विषय त्यांच्याकडे नव्हता. तिसऱ्याने सांगितले, कागद पूर्ण करून या, मग बघू.

म्हणजे पोरगी आता कुठेच नव्हती. पुण्याच्या हजेरीपटावरून नाव कमी झाले होते आणि सोलापुरात कुठल्याच हजेरीपटावर चढले नव्हते. दोन डब्यांच्या मध्ये फलाटावर पडलेले पोते. आणि तिला तिथे आणून टाकणारा हमाल आम्हीच.

त्यानंतरचे दीड-दोन महिने आम्ही जे हिंडलो त्यात जे शिकलो, ते आधी सांगतो.

आपण म्हणतो, सगळी विद्यापीठे सरकारचीच. ते खरे आहे. आपल्या राज्यातल्या बहुतेक अकृषी सार्वजनिक विद्यापीठांना एकच कायदा लागू आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. सगळ्यांचे कुलपती एकच, राज्याचे राज्यपाल. पण बाप एक असला तरी चुली वेगळ्या आहेत. प्रत्येक विद्यापीठाची विद्यापरिषद वेगळी, अभ्यास मंडळे वेगळी. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला काय शिकवायचे, कोणत्या सत्रात शिकवायचे, किती गुणांचे शिकवायचे, हे ती ठरवतात. म्हणून पदवीचे नाव तेच असले तरी आतला माल तोच असेल असे नाही. एकाच विद्यापीठातले कॉलेज बदलणे त्यामानाने सोपे, कारण अभ्यासक्रम एकच असतो. विद्यापीठ बदलले की जुन्या विद्यापीठाने सोडले याचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. नव्या विद्यापीठाने घेतले याची पात्रता लागते, तिलाच ऑफिसात इलिजिबिलिटी म्हणतात. आणि या दोन्हीच्या मध्ये असते समकक्षता. म्हणजे तिथे शिकलेले इथे किती धरायचे, याचा हिशेब.

नवे शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले. भाची त्याच वर्षीची. आता विषयांसोबत श्रेयांक मोजतात. वर्षाचे साधारण चाळीस ते चव्वेचाळीस. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा विषय, भाषा, अशा टोपल्या केल्या आहेत. श्रेयांक जमा करण्यासाठी बँकही निघाली आहे. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स तिचे नाव, २०२१ साली सुरू झाली. तिथे विद्यार्थ्याचे खाते असते आणि जमा श्रेयांक सात वर्षांपर्यंत धरले जातात. हे ऐकून आम्हाला वाटले, झाले! बँकेतले पैसे पुण्यात भरले काय, सोलापुरात काढले काय. पण नोट आणि श्रेयांक यांत फरक आहे. शंभराची नोट कुठल्याही दुकानात शंभराचीच. श्रेयांक मात्र ज्या टोपलीतला आहे ती टोपली समोरच्या दुकानात असेल तरच चालतो. खात्यावर दिसतो म्हणून तो पदवीत धरलाच जाईल, असे नाही.

अखेर एका कॉलेजने तात्पुरता प्रवेश दिला. विषय ताडून पाहिले गेले. भाचीच्या चव्वेचाळीस श्रेयांकांपैकी छत्तीस धरले. आठ राहिले. दोन विषय इथल्या कुठल्याच टोपलीत बसले नाहीत. त्यांच्या जागी इथले पहिल्या वर्षाचे दोन विषय तिने दुसऱ्या वर्षासोबत द्यायचे, असे ठरले. तिथे ते दोन विषय ती उत्तम गुणांनी पास झालेली. ते आता कुणाच्याच खात्यात नाहीत. आजोबांच्या हिशेबात याला फुटलेले पोते म्हणतात, आणि मजुरी हमालाची कापतात.

शिष्यवृत्तीचेही तेच. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत स्पष्ट आहे, की राज्य सरकारची पूर्वपरवानगी न घेता विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. आम्ही शेकडो फॉर्म भरले, पण हा नियम आमच्या डोळ्यांखालून गेला नव्हता. कधी लागला नव्हता म्हणून. तिचा नूतनीकरणाचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर दिसत राहिला. तो सरळ करण्यात दिवाळी गेली. तोवरची फी आम्ही पतपेढीतून काढून भरली. ते काही उपकार नव्हते. ती आमच्या चुकीची किंमत होती.

पण खरा तडाखा याच्या पुढे आहे.

ऑगस्टातला एक रविवार. वर्षावास सुरू होता. विहारात ग्रंथवाचन झाले, बायाबापड्या पांगल्या. आम्ही टेबल मांडले. भाचीला आम्ही हल्ली मदतीला बसवत होतो. वळसंगकडच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाला पुण्यात प्रवेश मिळाला होता, पण शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव नव्हते. बाई म्हणाल्या, "साहेब, खोलीचं भाडं नि खानावळ झेपत नाही. पाठवू का नको?"

आम्ही नेहमीप्रमाणे सांगायला लागलो, बघा, परिस्थिती पाहून ठरवा. तेवढ्यात भाचीने पिशवीतून वही काढली. वहीत चौघडी घातलेला एक कागद होता. तो उलगडून ती त्या मुलाला सांगू लागली, "स्वाधार योजना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची. २०१६-१७ पासून चालू आहे. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या मुलांना राहण्या-खाण्याचे पैसे मिळतात, थेट खात्यात. पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजारांपर्यंत. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, गुणांची अट आहे, आणि तू त्या शहराचा राहणारा नसला पाहिजेस. हे कागद लागतात. ह्याच्यावरनं उतरवून घे."

बाई आनंदाने गेल्या. आम्ही मात्र त्या कागदाकडे पाहत राहिलो. घड्यांवर तो झिजला होता. भाचीच्याच अक्षरात, निळ्या पेनाने, कागदांची यादी होती. त्यापुढे तीन ठिकाणी बरोबरच्या खुणाही केलेल्या होत्या.

"हा कधीचा?" आम्ही विचारले.

"एप्रिलचा. खोलीतल्या एका मैत्रिणीला मिळत होतं. मीपण पुढच्या वर्षी भरणार होते."

"अगं मग त्या रात्री बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "मामा, तुम्ही ऑफिसातले. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. माहीत असूनही तुम्ही या म्हणताय, म्हणजे काहीतरी कारण असेल."

वाचक बंधू-भगिनींनो, आजवर सभेत कुणी आमच्यावर आवाज चढवला असेल, ऑफिसात साहेबाने बोल लावले असतील, पण त्या वाक्याइतके कशाने लागले नाही. विहारात आम्ही मुलांना सांगतो, कुणी थोर सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. आणि आमच्याच घरात आमचा शब्द म्हणजे सरकारी आदेश झाला होता. आपल्यात एक माणूस चार बुके शिकला, खुर्चीवर बसला, की सगळे घर त्याच्यापुढे खिडकीपुढच्या रांगेसारखे उभे राहते. आम्हालाही ते आवडत होते, हे कबूल करायला हवे. ज्या खिडकीवर आम्हाला २००५ साली हाकलले, तीच खिडकी आम्ही घरात बसवली होती आणि मागे स्वतः बसलो होतो.

संध्याकाळी तिला विचारले, "कागद माहीत असता तर पुण्यातच राहिली असतीस?"

ती विचार करून म्हणाली, "अप्पांसाठी आलेही असते. किंवा तिथंच राहून महिन्याला आले असते. काय केलं असतं ते आता कसं सांगू? ते मला ठरवायचं होतं."

याला उत्तर नव्हते. दाजी बाजेवर ऐकत पडले होते. त्यांनी डावा हात उचलून तिला जवळ बोलावले. ती उठली आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटे एकेक करून उघडमीट करायला लागली. डॉक्टरांनी शिकवलेला तो व्यायाम ती रोज करून घेते. तेव्हा ती घरी आली हे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. पण ती आली आणि तिला आणले, यांत अंतर आहे.

नंतर आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढले. इतक्यांदा वाचलेले, पण या वेळी क्लार्कच्या डोळ्यांनी वाचले. १९१६ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी मिळवली. पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज युद्धात बुडाले. एवढ्या ज्ञानवंताचेही पोते वाटेत फुटले. पण परवानगी शाबूत होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. १९२० साली ते मुदतीच्या आत परत गेले, १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. मागचे दार लोटून घेतले, पण कडी लावली नाही. आम्ही भाचीच्या मागचे दार स्वतःच्या हाताने कुलूप लावून आलो होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विद्यार्थी न हलताही विद्यापीठ बदलते. औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी काढलेले मिलिंद महाविद्यालय आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि ते तिकडे गेले. त्याच विद्यापीठाला पुढे बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून किती घरे जळाली आणि १४ जानेवारी १९९४ पर्यंत किती वाट पाहावी लागली, हे या पानाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. सोलापूरचेही तसेच. आधी मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून कोल्हापूर, २००४ पासून सोलापूर. आजोबा, बाप, लेक एकाच गावात शिकले तरी तिघांच्या पदवीवर तीन विद्यापीठांचे शिक्के. तेव्हा स्थलांतर प्रमाणपत्र मागितले म्हणजे आपला अपमान केला, असे समजू नये. तो शिक्का हिशेबाचा आहे. मात्र तो हिशेब आपल्याला आधी माहीत पाहिजे.

म्हणून आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली, जाण्याचे दार आधी पाहा, येण्याच्या दाराचा दाखला नंतर काढा. नव्या कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, आपले विषय आहेत का, हे विचारा आणि लेखी घ्या. तोंडी होकाराला शिक्का नसतो.

दुसरी, जुन्या कॉलेजातून पास झालेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी घ्या. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून किती जुळते ते नव्या कॉलेजकडून तपासून घ्या. काही श्रेयांक गळणार असतील तर ते निघण्याआधी कळू द्या. स्थलांतर प्रमाणपत्राच्या आणि दाखल्याच्या प्रती काढूनच मूळ कागद जमा करा.

तिसरी, शिष्यवृत्ती घेत असाल तर हलण्यापूर्वी शिष्यवृत्तीच्या टेबलाशी आणि समाजकल्याण कार्यालयाशी बोला, परवानगीचा अर्ज द्या, त्याची पोच ठेवा.

चौथी, पैशामुळे हलत असाल तर आधी न हलता काही जमते का ते पाहा. वसतिगृह आहे, स्वाधार आहे. घर सोडता येत नसेल तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्याचे कार्यक्षेत्र सगळे राज्य आहे.

पाचवी गोष्ट या चौघींच्या आधीची. ज्याला शिकायचे आहे त्याला विचारा. घरातल्या ऑफिसातल्या माणसाला नंतर.

भाची आता सोलापुरात शिकते. ते दोन जादा पेपर तिने नेहमीच्या पेपरांसोबत दिले. एक सुटला, एक राहिला आहे. पुण्यातल्या दुकानाचे काम गेले. इथे अजून तसे मिळालेले नाही. दाजी डाव्या हाताने कपबशी धरतात, उजव्या हाताची दोन बोटे हलू लागली आहेत. रविवारचे टेबल आता तीच मांडते. नवा विद्यार्थी आला की ती आई-बापाला बाजूच्या सतरंजीवर बसवते आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारते. आम्ही शेजारी बसून झेरॉक्स लावतो.

मागच्या रविवारी काम आटोपल्यावर ती म्हणाली, "मामा, तुमचं ते मायग्रेशन अजून कोल्हापुरातच आहे?"

आम्ही म्हणालो, "आता काय करायचं त्याचं? वय झालं."

"करायचं आहे का नाही, तेवढं सांगा," ती म्हणाली. "बाकीचं बघू."

एवढ्या वर्षांत आम्हाला हे कुणी विचारले नव्हते. आम्ही स्वतःलाही नाही. रात्री रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'कौटुंबिक काम' असे लिहिणार होतो. ते खोडले आणि लिहिले, 'स्वतःच्या शिक्षणासाठी'.